मोबाईलचा स्क्रीन किती वर्षं टिकतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात फोनच्या बॅटरीबद्दल लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त विचारणा स्क्रीनबद्दलची होती. त्यातले प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दुकानदार म्हणाला, हल्लीचे डिस्प्ले तीन वर्षांच्या वर टिकत नाहीत. माझा वापर रोज पाच-सहा तास आहे. खरंच तीन वर्षांत स्क्रीन झिजतो का? – एक वाचक, सिडको

नाही ताई. तीन वर्षांत जातो तो बहुतेक वेळा स्क्रीन नसतोच, त्याच्या आजूबाजूचं काहीतरी जातं. पण आधी तुमच्या हातात कोणता स्क्रीन आहे ते बघा, कारण दोन जातींचं झिजणं अगदी वेगळं आहे.

रात्री खोलीतला दिवा बंद करा, पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर उघडा आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवा. काळा रंग राखाडी, धुरकट उजळलेला दिसला तर एलसीडी. स्क्रीन कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो तेच कळेना, तर ओएलईडी. ॲमोलेड हा त्याचाच एक प्रकार.

एलसीडीत चित्राच्या मागे पांढऱ्या एलईडींची एक बारीक पट्टी असते. तिचा उजेड प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांमधून स्क्रीनभर पसरतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो अडवतात किंवा सोडतात. द्रवस्फटिक वापराने झिजत नाहीत, मंदावते ती मागची पट्टी. तिचं आयुष्य काही दहा हजार तासांत मोजतात आणि ते संपलं म्हणजे पट्टी विझली असं नसतं, उजेड ठरावीक पातळीच्या खाली उतरला एवढंच. रोज सहा तास म्हणजे वर्षाला २,१९० तास. दहा वर्षांचे बावीस हजारही भरत नाहीत.

ओएलईडीत मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि जितका पेटतो तितका झिजतो. लाल, हिरवा आणि निळा या तिघांत निळा सर्वांत आधी थकतो, कारण निळ्या प्रकाशात ऊर्जा जास्त असते आणि तो निर्माण करणारं सेंद्रिय द्रव्य तेवढं टिकत नाही. म्हणून बऱ्याच पॅनेलमध्ये निळा ठिपका मुद्दाम मोठा ठेवतात, म्हणजे त्याच्यावर कमी ताण येतो. ओएलईडीचं आयुष्य सांगताना बहुधा ‘उजेड निम्मा होईपर्यंतचे तास’ सांगतात आणि ते एका ठरावीक ब्राइटनेसवरचे असतात. ब्राइटनेस निम्मा केला तर आयुष्य साधारण तिप्पट होतं, दुप्पट नव्हे. त्यामुळे ब्राइटनेस न सांगता कोणी नुसते तास सांगितले तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. घरात, मध्यम उजेडात, रोज पाच-सहा तास वापरलेला चांगला ओएलईडी पाच-सहा वर्षं डोळ्याला फरक न दाखवता चालतो.

आधी जातं ते दुसरंच. काचेवर तेल न चिकटू देणारा अतिशय पातळ थर असतो, तो वर्ष-दोन वर्षांत बोटांनीच घासला जातो. पाण्याचा थेंब टाकून बघा. थर शाबूत असेल तर थेंब गोल उभा राहतो, गेला असेल तर पसरतो. थर गेल्यावर डाग लवकर पडतात, बोट अडखळतं आणि लोकांना वाटतं टच बिघडला. सॅनिटायझरने रोज चोळणं, टूथपेस्ट लावून ओरखडे ‘काढणं’, काच पुसायचा अमोनियाचा फवारा मारणं, या तिन्हींनी तो लवकर जातो. किंचित ओलं मऊ फडकं पुरतं. त्यानंतर क्रम लागतो कडेच्या चिकटपट्टीचा, आतल्या रिबनचा म्हणजे चपट्या केबलचा, फुगलेल्या बॅटरीचा आणि अर्थातच फोन पडण्याचा.

प्रश्न : मी डिलिव्हरीचं काम करतो. फोन गाडीच्या हँडलवर, नकाशा दिवसभर चालू. दीड वर्षात स्क्रीनच्या वरच्या बाजूला पिवळट पट्टा कायमचा उमटलाय. फोन खराब निघाला का? – एक वाचक, नाशिक रोड

फोन खराब नाही दादा, त्याच्याकडून काम फार कठीण करून घेतलं गेलंय. हा ओएलईडीचा बर्न-इन. नकाशाच्या वरची दिशा दाखवणारी पट्टी, खालची वेळ-अंतराची पट्टी, बॅटरीचं चिन्ह, या जागचे ठिपके महिनोन् महिने एकाच रंगात पेटून राहिले आणि शेजाऱ्यांपेक्षा जास्त थकले. त्यातही निळा आधी थकल्यामुळे पांढऱ्या पडद्यावर ती जागा पिवळट दिसते. जवळून बघितलंत तर त्या पट्ट्यात वळणाच्या बाणाची कडाही सापडेल.

हिशेब करून बघा. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ३,१२० तास. त्यातले निम्मेच उन्हातले धरू. उन्हात ऑटो ब्राइटनेस फोनला त्या टोकाला नेतो जिथे हाताने पट्टी सरकवूनही पोचता येत नाही. घरातल्यापेक्षा चौपट उजेड धरला तर झीज साधारण नऊपट. म्हणजे ते १,५६० तास घरगुती वापराच्या चौदा हजार तासांएवढे झाले. घरातल्या माणसाची सहा वर्षं तुमच्या फोनने एका वर्षात काढली. वर उष्णता वेगळीच. आयफोनसाठी कंपनी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते आणि नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. काळा फोन हँडलवर उन्हात, वरून चार्जिंग चालू, आत प्रोसेसर नकाशा काढतोय. तापलेला ठिपका त्याच उजेडाला लवकर झिजतो.

झालेला डाग निघत नाही. रंगीत पडदे भराभर बदलणारे व्हिडिओ लावून बर्न-इन जातो असं सांगतात. जातात ते तात्पुरते व्रण, आणि तेही तसेच ठेवले तरी जातात. खऱ्या बर्न-इनमध्ये त्या व्हिडिओने बाकीचे ठिपकेही झिजतात, इतकंच. डाग किती खोल आहे ते बघायचं तर स्क्रीनभर एकच रंग लावा : आधी मध्यम राखाडी, मग निळा. निळ्यावर पट्टा गडद दिसला तर खात्री झाली.

पुढच्या फोनसाठी एवढं करा. सरळ रस्त्यावर स्क्रीन बंद ठेवून आवाजावर चाला, वळणाच्या आधी उघडा. नकाशा रात्रीच्या गडद रंगात ठेवा. होल्डरला वरून छज्जा लावा, सावलीत ऑटो ब्राइटनेस आपोआप उतरतो. खालची तीन बटणं बंद करून बोटाच्या इशाऱ्यांवर या, म्हणजे तेवढी एक पट्टी कमी. भर उन्हात चार्जिंग टाळा.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर हँडलसाठी वेगळा, स्वस्त, एलसीडीचा जुना फोन घ्या. एलसीडीला असा कायमचा डाग पडत नाही. उन्हात तोही तापेल, काही वर्षांनी मागची पट्टी मंदावेल, पण नकाशा उमटून राहणार नाही. आणि एक, स्क्रीनशी संबंध नसला तरी सांगतो : मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. महागडा फोन हँडलला लावू नका याचं हे दुसरं कारण.

प्रश्न : डार्क मोडने स्क्रीनचं आयुष्य वाढतं का? – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

एलसीडीवर नाही, मागचा दिवा तसाच चालू असतो. ओएलईडीवर हो, पण ब्राइटनेस चढवलेला असेल तेव्हाच डोळ्यात भरेल इतकं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली, पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७ टक्के. ठिपक्याला वीज कमी म्हणजे झीज कमी, हे गणित इथेही लागू पडतं. खोलीत बसून वाचताना नुसता ब्राइटनेस उतरवलात तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : स्क्रीन फुटला. एम. जी. रोडवर तीन दुकानांत तीन भाव मिळाले, एकात तर दुसऱ्याच्या तिप्पट. एकच डिस्प्ले असताना एवढा फरक का? – एक वाचक, पंचवटी

कारण तो एकच डिस्प्ले नाही. दुकानात ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात त्यात काच, टच आणि चित्राचं पॅनेल एकत्र चिकटवलेलं येतं, आणि त्या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

सर्वांत स्वस्त ‘इनसेल’. ओएलईडीच्या फोनवर बसवलेला हा चक्क एलसीडी. तो जाड असतो, त्यामुळे कड फ्रेमच्या वर किंचित उभी राहते. काळा रंग राखाडी दिसतो, मागचा दिवा सतत पेटल्यामुळे बॅटरी जास्त जाते. तुमच्या फोनचं फिंगरप्रिंट स्क्रीनखाली असेल तर ते बंदच पडणार, कारण त्या सेन्सरला पॅनेलच्या आरपार बघावं लागतं आणि एलसीडीत मागच्या दिव्याचे थर आडवे येतात. त्यावर ‘हार्ड ओएलईडी’ : रंग बरे, पण ठिपके काचेवर घडवलेले, म्हणून पडल्यावर लवकर तडकतो. त्यावर ‘सॉफ्ट ओएलईडी’, प्लास्टिकच्या पायावरचा, मूळ डिस्प्लेच्या सर्वांत जवळ जाणारा. शेवटी ओरिजिनल, आणि त्यातही दोन प्रकार. ‘सर्व्हिस पॅक’ म्हणजे कंपनीच्या खोक्यातला नवा. ‘पुल’ म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला. पुल वाईट नसतो, पण त्यावर आधीच्या मालकाचा बर्न-इन असू शकतो. तेव्हा ‘ओरिजिनल’ हा शब्द ऐकून थांबू नका. यातला नेमका कोणता, ते बिलावर लिहून घ्या.

चिकटवण्याआधी डिस्प्ले नुसता जोडून तपासायला सांगा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही. पूर्ण पांढरा पडदा लावून गुलाबी किंवा पिवळी झाक बघा. काळा पडदा हाताच्या ओंजळीत अंधार करून बघा. एखाद्या ॲपचं चिन्ह बोटाने उचला आणि बोट न काढता पूर्ण स्क्रीनवर शेतात नांगर फिरवावा तसं ओळीने फिरवा. जिथे चिन्ह हातून सुटलं तिथे टच मेलेला आहे. ब्राइटनेस सर्वांत खाली आणून चित्र थरथरतं का बघा. एक फोन लावून कानाजवळ धरा, स्क्रीन बंद व्हायला हवा. सॅमसंगवर *#०*# आणि शाओमीवर *#*#६४८४#*#* डायल केलं की बऱ्याच मॉडेलवर कंपनीचीच तपासणीची यादी उघडते. आयफोन ११ आणि त्यानंतरच्या मॉडेलवर बाहेरचा डिस्प्ले लावला की सेटिंग्जमध्ये तसा संदेश येतो. तो दिसत असताना दुकानदार नवा अस्सल म्हणत असेल तर मानू नका.

चिकटवल्यावर घाई नको. बी-७००० सारखा गोंद पूर्ण सुकायला एक ते दोन दिवस लागतात, तोवर फोन खिशात वाकू देऊ नका. आणि फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहिलं असं धरून चालू नका.

नुसती वरची काच तडकली असेल, चित्र आणि टच दोन्ही ठीक असतील, तर फक्त काच बदलता येते. पॅनेल ८० अंशांच्या आसपास तापवून केसाएवढ्या तारेने काच सोडवतात, जुना गोंद काढतात, पारदर्शक चिकट फिल्म आणि नवी काच व्हॅक्यूममध्ये दाबतात, मग दाबाच्या पेटीत बुडबुडे घालवतात. सपाट स्क्रीनवर हे काम चांगलं होतं. कडेला वळलेल्या ओएलईडीवर पॅनेल मरण्याचा धोका मोठा. ‘पॅनेल गेलं तर खर्च कोणाचा’ हा प्रश्न फोन हातातून सोडण्याआधी विचारा. आणि हो, तडकलेला ओएलईडी ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून ठेवू नका. फटीतून आत गेलेली दमट हवा त्या सेंद्रिय थराला खाते आणि काळा-जांभळा डाग रोज थोडा पसरतो. लगेच दुरुस्त होणार नसेल तर निदान आजच फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या.

प्रश्न : सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली. अपडेटनेच आली ना? – एक वाचक, सातपूर

रेघ सॉफ्टवेअरने काढलेली नाही, याची खात्री अशी करता येते : स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या फोनवर बघा. तिथे रेघ दिसली नाही तर दोष पॅनेलचा. ठिपक्यांच्या प्रत्येक उभ्या ओळीला एक बारीक तार पुरवठा करते. त्या तारा खालच्या कडेला एका लवचीक पट्टीला जोडलेल्या असतात आणि ती पट्टी दुमडून पॅनेलच्या मागे गेलेली असते. एक जोड सुटला की एक ओळ कायम पेटते किंवा कायम विझते. अपडेटच्या वेळी फोन बराच वेळ तापतो, आणि आधीच कच्चा असलेला जोड अशा वेळी हार खाऊ शकतो. म्हणून दोन्ही गोष्टी एका दिवशी दिसतात.

कड दाबून किंवा हेअर ड्रायरने तापवून रेघ घालवायचा प्रयत्न करू नका, एकीच्या चार होतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, जॉब शीटवर म्हणजे तिथल्या दुरुस्तीच्या पावतीवर ‘पडलेला नाही, पाणी गेलेलं नाही, उभी रेघ’ अशी नोंद करून घ्या. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलवर या तक्रारीसाठी वॉरंटी संपल्यावरही डिस्प्ले फुकट बदलून दिले आहेत, पण न विचारता कोणी सांगत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, जॉब शीटचा फोटो जोडून. आणि सेंटरला जाईपर्यंत बाहेर फोन उघडू देऊ नका, नाहीतर पहिलं बोट त्यावरच ठेवतील.

प्रश्न : वडिलांच्या फोनचा स्क्रीन एका बाजूने उचललाय. फेविक्विक लावू का? – एक वाचक, देवळाली

लावू नका! आणि दाबूनही बसवू नका. आत बॅटरी फुगली असण्याचीच शक्यता जास्त. लिथियम बॅटरी जुनी झाली की आत वायू तयार होतो, तिची पिशवी उशीसारखी फुगते आणि स्क्रीन आतून ढकलते. अंधारात त्या कडेने उजेडाची बारीक रेघ बाहेर येत असेल, वर्तमानपत्राचा कागद फटीत सरकत असेल, तर आजच चार्जिंग थांबवा. फोन बंद करा, गादीवर किंवा उशीजवळ ठेवू नका, दुकानात न्या. वेळेवर बॅटरी बदलली तर बऱ्याचदा तोच स्क्रीन परत बसतो. उशीर केला की पॅनेल वाकून फुटतं आणि पाचपट खर्च येतो. काढलेली बॅटरी घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, दुकानातच ई-कचऱ्यासाठी द्या.

प्रश्न : द्राक्षबागेत फवारणीच्या दिवसांत फोनचा टच वेडावाकडा चालतो, आपोआप फोन लागतात. थंडीत सकाळी स्क्रीन संथ होतो. बदलावा लागेल का? – एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

लगेच नाही काका. टच बोटातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म विजेवर चालतो. काचेवर पाण्याचे थेंब असले की स्क्रीनला तेही बोटंच वाटतात. फवारणीच्या पाण्यात क्षार आणि औषध असतं, ते जास्त वीज वाहतं, म्हणून साध्या पावसापेक्षा त्रास जास्त. सुकल्यावर पांढरट थर राहतो तो कोरडा पुसू नका. आधी फुंकर किंवा झटका मारून कण उडवा, कारण मातीतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते आणि ओरखडा तिनेच पडतो. मग साध्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. कानाच्या जाळीत आणि चार्जिंगच्या तोंडात बोर्डो मिश्रणासारख्या औषधाचा किंवा गंधकाचा अंश साठू देऊ नका, धातूचे टोक तिथे गंजतात. फवारणीला फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवला तरी पातळ प्लास्टिकवरून टच चालतो. छाटणीची कात्री आणि फोन एका खिशात नकोत.

चार्जिंगला लावल्यावरच टच भरकटत असेल तर दोष चार्जरचा. हलक्या चार्जरमधून विजेची खरखर येते. दुसऱ्या चांगल्या चार्जरवर लावून बघा, पाच मिनिटांत कळेल.

थंडीचं वेगळं. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा एलसीडीतला द्रव घट्ट होतो, चित्र मागे शेपूट सोडत सरकतं. शर्टाच्या आतल्या खिशात दहा मिनिटं ठेवा, पूर्ववत होईल. त्याने स्क्रीनचं नुकसान होत नाही.

प्रश्न : वळलेल्या कडांच्या स्क्रीनवर दुकानदार यूव्ही ग्लास लावायला सांगतोय. लावावी का? – एक वाचक, इंदिरानगर

आमचा सल्ला, लावू नये. पातळ गोंद स्क्रीनवर ओतून, वर काच ठेवून जांभळ्या यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याखाली तो घट्ट करतात. दिवा लागण्याआधी गोंद कडेने ओघळतो आणि कानाच्या जाळीत, बटणांच्या फटीत जाऊन तिथेच दगड होतो. मग आवाज बारीक येतो, बटण अडकतं. त्याऐवजी टीपीयूची म्हणजे मऊ, लवचीक प्लास्टिकची फिल्म घ्या. पडल्यावर काचेएवढं वाचवत नाही, ओरखडे मात्र अडवते. पडण्यासाठी कडा स्क्रीनच्या वर दीड-दोन मिलिमीटर आलेलं कव्हर घ्या. घेताना फोन कव्हरसकट टेबलावर पालथा ठेवून बघा, काच टेबलाला टेकत असेल तर ते कव्हर परत करा.